पुढच्यास ठेंच : खेळांतील दुखापतीचें भाकीत आणि निवारण

‘पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा’ ही म्हण मराठी मुलुखांतील प्रत्येक घरांत ठाऊक आहे. वाटेंत दगड आहे हें पुढें चालणाऱ्याच्या अंगठ्यानें सांगावें व मागून येणाऱ्यानें पाऊल जपून टाकावें, एवढाच तिचा सरळ अर्थ. परंतु या अर्थांत एक मार्मिक गोष्ट दडलेली आहे. कोणाच्या पायास ठेंच लागणार हें म्हण सांगत नाहीं. दगड कोठें आहे एवढेंच ती सांगते. खेळाच्या मैदानावरील दुखापतींचा विचार करतांना नेमका हाच भेद ध्यानांत ठेवावा लागतो. अमुक मुलाचा पाय अमुक दिवशीं मोडेल असें भाकीत करतां येईल काय, हा एक प्रश्न. आणि मैदानावरील मुलांचे पाय कमी मोडतील अशी तजवीज करतां येईल काय, हा अगदीं निराळा प्रश्न. पहिल्याचें उत्तर मिळाल्यावांचून दुसऱ्यास हात घालतां येत नाहीं, असा पुष्कळांचा समज असतो. इतिहास मात्र याच्या उलट साक्ष देतो.

हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. सुश्रुतसंहितेंत व्यायामाचे गुण सांगितले आहेत, तशी त्याची मर्यादाहि सांगितली आहे : मनुष्यानें आपल्या बळाच्या निम्म्यानेंच व्यायाम करावा. निम्में बळ खर्ची पडलें हें ओळखावें कसें? तर छातींतील श्वास तोंडावाटे येऊं लागला, कीं ओळखावें. वय, बळ, शरीर, देश, काल आणि आहार हीं सहा पाहून व्यायाम करावा, न पाहतां केल्यास रोग जडतो, असेंहि तेथें बजाविलें आहे. चरकसंहितेंत अतिव्यायामापासून उद्भवणारे थकवा, क्षय, तहान, खोकला, ज्वर इत्यादि विकार नांवानिशीं मोजले आहेत, व बळाबाहेर श्रम करणाऱ्यास हत्तीला ओढूं पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. या आचार्यांनीं कोणा एका शिष्याचें भविष्य वर्तविलें नाहीं. सर्वांस लागू पडेल असें एक माप त्यांनीं दिलें. आणि तें माप पाहण्यास स्वतःच्या श्वासापलीकडे दुसरें साधन लागत नव्हतें.

बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मल्लविनोदाचें एक प्रकरण आलें. मल्लांचें वय, अंगयष्टि व बळ यांवरून त्यांचे वर्ग पाडणें, त्यांचा व्यायाम व आहार ठरविणें, हा त्या प्रकरणाचा विषय. राजाच्या करमणुकीसाठीं कां होईना, पण सर्व मल्ल सारखे नसतात व त्यांना एका मापानें मोजूं नये, ही जाणीव त्या काळीं लिखित रूपास आली होती. त्याच ग्रंथांत मल्लस्तंभाचाहि उल्लेख सांपडतो. पुढें पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं या विद्येस नवी उभारी दिली. एरंडेल चोळलेल्या लांकडी खांबावर अंग घोळविण्याची ही कला कुस्तीगिराच्या तयारीसाठीं वाढली. खांब हा प्रतिस्पर्धी खरा, पण तो उलटून अंगावर येत नाहीं. पकडीचें बळ व कण्याची लवचिकता आधीं निर्जीव खांबावर मिळवावी आणि मग जिवंत प्रतिस्पर्ध्याच्या मिठींत शिरावें, असा तो शहाणपणाचा क्रम होता.

वऱ्हाडांतील आखाड्यांतूनहि हेंच शहाणपण वागत आलें. आखाड्याची माती म्हणजे रानांतील ढेंकळें नव्हेत. ती चाळून घ्यावी, तेल, ताक, हळद घालून कमवावी, रोज उकरून भुसभुशीत ठेवावी, तेव्हां ती पडणाऱ्याचें अंग झेलते. नवा पोरगा आला कीं वस्ताद त्यास पहिल्याच दिवशीं कुस्तीस सोडीत नसे. जोर, बैठका आणि माती उकरणें यांतच त्याचे कित्येक दिवस जात, आणि माती उकरतां उकरतां त्याचे खांदे व कंबर मजबूत होत. जत्रेच्या दंगलींत पंच जोड पाहूनच कुस्ती लावीत. यांपैकीं एकहि गोष्ट भविष्य जाणून केलेली नव्हती. कोण पडेल हें वस्तादास ठाऊक नव्हतें. कोणीतरी पडेल हें ठाऊक होतें, म्हणून माती सर्वांसाठींच मऊ ठेवलेली असे.

आखाड्याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. तेथें मार लपविणें हा मर्दपणा मानीत. खांदा निखळला तर हाडवैद्याकडून बसवून घ्यावा आणि वेदना पुरती शमण्यापूर्वींच पुन्हां मातींत उतरावें, यांत भूषण वाटे. कोणास, केव्हां, कशानें दुखापत झाली याची नोंद ठेवण्याची चाल नव्हती. वस्तादाच्या डोळ्यांत चाळीस वर्षांचा अनुभव साठलेला असे. पण तो कागदावर उतरला नाहीं, आणि वस्तादाबरोबरच नाहींसा झाला. पुढच्यास ठेंच लागली खरी, पण मागच्यास ती कळली नाहीं.

ही उणीव भरून काढण्याचा उद्योग विसाव्या शतकांत सुरू झाला आणि त्यांत वऱ्हाडाचा वांटा मोठा आहे. १९१४ सालीं अमरावतीस अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनीं जें कार्य आरंभिलें, त्यांतून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभें राहिलें व आखाड्याच्या विद्येस शाळेची शिस्त लागली. १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं याच मंडळाच्या पथकानें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें परदेशी प्रेक्षकांस दाखविलीं. त्याच वर्षापासून बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादकत्वाखालीं ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंड निघूं लागले, व १९४९ पर्यंत दहा खंडांचें तें काम पुरें झालें. पुण्याचा डेक्कन जिमखाना, बडोद्याचा हिंद विजय जिमखाना अशा संस्थांनीं खोखो व हुतूतू यांचे नियम शब्दबद्ध केले. नियम जयपराजय ठरविण्यासाठीं असतात असें सामान्यतः वाटतें. परंतु खोखोचा खांब गुळगुळीत असावा, त्यास कंगोरे नसावेत, किंवा कबड्डींत खेळाडूंचें वजन अमुक मर्यादेपलीकडे नसावें, हे नियम गुणांकरितां नाहींत. ते हाडांकरितां आहेत. नियमाचें एक मोठें सुख असें, कीं तो वस्तादाबरोबर मरत नाहीं.

दुखापतींचें निरीक्षण लिहून ठेवल्यानें काय साधतें, याचा एक मोठा धडा मात्र मैदानानें नव्हे, तर लष्करी छावणीनें दिला. १८५५ सालीं प्रशियाच्या सैन्यांतील ब्राइटहाउप्ट नांवाच्या वैद्यानें, लांबलांब कूच केल्यानंतर रंगरुटांचे पाय सुजतात व ठणकतात, असें टिपून ठेवलें. मार नाहीं, पडणें नाहीं, तरी पाय टेंकवेना. १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लागला आणि १८९७ सालीं त्या किरणांनीं पायाच्या हाडाची बारीक चीर दाखविली, तेव्हां चाळीस वर्षांच्या कोड्याचा उलगडा झाला. हाड ही मेलेली वस्तु नव्हे. नवा भार पडला कीं तें आपला जुना भाग थोडा थोडा झिजवून त्या जागीं नवा भरतें. या डागडुजीस आठवडे लागतात. डागडुजी चालू असतांच भार आणखी वाढविला तर हाड तडकतें. कोणत्या शिपायाचें हाड तडकेल हें त्या वैद्यास सांगतां आलें नसतें. पण कवाईत एकाएकी वाढविली तर कांहींचीं तडकणार, हें निश्चित होतें. सुश्रुताचें निम्म्या बळाचें माप आणि छावणींतील ही चीर एकाच गोष्टीची खूण सांगतात.

या जुन्या हकीकतीचा वाशीमशीं संबंध फार जवळचा आहे. वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतील कितीतरी मुलें व मुली पोलीसभरतीची तयारी करतात. मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धांवण्याची परीक्षा द्यावी लागते. जाहिरात निघेपर्यंत शेतांतलें काम आणि निघाल्यावर रोज पहांटे डांबरी सडकेवर जीव तोडून धांव, असा क्रम पडला तर नडगीचें हाड ऐन परीक्षेच्या तोंडावर बोलूं लागतें. शहरांतील हौशी खेळाडूची दुखापत महिनाभर विश्रांति घेऊन विसरतां येते. येथें त्या एका महिन्यांत नोकरी हातची जाते, आणि नोकरीबरोबर घराचा आधार. धांवणें वर्षभर थोडें थोडें ठेवावें, आठवड्यामागून आठवडा बेताबेतानें वाढवावें, मधून एक दिवस पायांस विसांवा द्यावा, ही तजवीज बिनखर्ची आहे. तीस कोणाच्या भाकिताची गरज नाहीं.

शहाणपण येण्यास किती विलंब लागतो, याचें उदाहरण क्रिकेटच्या इतिहासांत आहे. १९६२ च्या मार्चमध्यें बार्बाडोस येथें भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्यास चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागला. कवटीवर तांतडीची शस्त्रक्रिया झाली, प्रतिपक्षाचा कर्णधार फ्रँक वॉरेल यानें त्यास आपलें रक्त दिलें, प्राण वांचले; पण कॉन्ट्रॅक्टर पुन्हां कसोटी सामना खेळला नाहीं. शिरस्त्राण घालून खेळण्याची चाल पडण्यास यानंतर सुमारें पंधरा वर्षें लागलीं. १९९८ सालीं ढाक्यास रमण लांबा शिरस्त्राणावांचून फलंदाजाच्या अगदीं जवळ क्षेत्ररक्षणास उभा राहिला असतां चेंडू लागून मरण पावला. २०१४ सालीं सिडनीस फिलिप ह्यूज शिरस्त्राण असूनहि मानेच्या उघड्या भागावर चेंडू बसून गेला. तेव्हां मानेचें संरक्षण करणाऱ्या पट्टीचा विचार नेटानें पुढें आला. २०१९ पासून, डोक्यास मार बसलेल्या खेळाडूऐवजीं दुसरा खेळाडू घेण्याची मुभा आंतरराष्ट्रीय नियमांत आली. या तिघांपैकीं एकाचेंहि भाकीत कोणी करूं शकलें नसतें. पण कठीण चेंडू वेगानें डोक्याच्या उंचीवर येतो, एवढें तर शंभर वर्षें सर्वांच्या डोळ्यांसमोर होतें. शिरस्त्राणास जें ज्ञान लागत होतें तें केव्हांच झालेलें होतें. उणीव होती ती निश्चयाची.

आतां भाकिताकडे वळूं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत क्रीडावैद्यकानें या प्रश्नाचा कसून पाठपुरावा केला आहे. १९९२ सालीं नेदरलंड्समधील व्हान मेखलेन व त्याच्या सहकाऱ्यांनीं निवारणाच्या चार पायऱ्या सांगितल्या : दुखापती किती व कशा होतात तें मोजावें, त्यांचीं कारणें शोधावीं, उपाय योजावा, आणि पुन्हां मोजून उपाय लागू पडला कीं नाहीं तें पाहावें. कारणांच्या शोधांत अशी आशा बळावली, कीं खेळाडूचें स्नायुबळ, सांध्यांची लवचिकता, तोल यांच्या परीक्षा घेऊन कोण जायबंदी होणार हें आधींच निवडून काढतां येईल. २०१६ सालीं नॉर्वेंतील रोआल बार या वैद्यानें या आशेची चिकित्सा करून, अशा परीक्षांनीं दुखापतीचें भाकीत साधत नाहीं व बहुधा पुढेंहि साधणार नाहीं, असें स्पष्ट प्रतिपादिलें.

त्याचें मर्म शाळेंतल्या त्रैराशिकाइतक्या सोप्या हिशेबानें समजतें. समजा, एका शाळेंत १०० मुलें खेळतात. परीक्षेंत त्यांपैकीं २० जणांच्या मांड्या दुबळ्या ठरल्या. वर्षभरांत त्या २० पैकीं ४ जणांच्या मांडीचा स्नायु दुखावला, आणि उरलेल्या ८० बळकटांपैकीं ८ जणांचा. दुबळ्यांत पांचांत एक, बळकटांत दहांत एक; म्हणजे दुबळ्यास धोका दुप्पट, हें खरें. पण एकंदर १२ दुखावलेल्यांपैकीं ८ जण बळकट म्हणून निवडलेल्यांतलेच निघाले! ज्यांना ‘तुम्हांस भीति नाहीं’ असें सांगितलें, त्यांच्यांतच दुखापती अधिक. आणि ज्या २० जणांस भीति घातली, त्यांतले १६ जण धडधाकट राहिले. आतां दुखापती एक-तृतीयांशानें कमी करणारा एकादा व्यायाम आहे असें धरूं. तो फक्त निवडलेल्या २० जणांस दिला तर जेमतेम एक मूल वांचेल. सर्व १०० जणांस दिला तर चार वांचतील. भाकिताच्या मागें लागणें म्हणजे तीन मुलांचें नुकसान पत्करणें होय.

असे व्यायाम खरोखरच आहेत, आणि त्यांची पारख झालेली आहे. फुटबॉलसाठीं तयार केलेल्या पूर्वतयारीच्या एका व्यायामक्रमाची कसोटी नॉर्वेंत १२५ संघांतील १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर पाहिली गेली. तिचा निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाला. मंद धांव, उड्या मारून गुडघा आंत न झुकतां उतरणें, एका पायावर तोल, मांडी व पोटाचे व्यायाम, असा तो वीस मिनिटांचा क्रम. तो करणाऱ्या संघांत एकंदर दुखापती सुमारें एक-तृतीयांशानें कमी झाल्या. मांडीच्या मागील स्नायूसाठीं, गुडघे टेंकून, घोटे सोबत्यानें धरून, अंग सावकाश पुढें झुकविण्याचा एक व्यायाम आहे; तो नेमानें करणाऱ्यांत त्या स्नायूच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्याचें अनेक पाहण्यांत आढळलें. एक गोष्ट मात्र भाकितासारखी उपयोगी पडते : ज्यास पूर्वीं दुखापत झाली आहे, त्यास ती पुन्हां होण्याचा संभव इतरांहून अधिक. पण हें जाणण्यास यंत्र लागत नाहीं; मुलास विचारावें लागतें, आणि मुलानें तें लपवूं नये अशी हवा मैदानावर ठेवावी लागते. तसेंच डोक्यास मार बसून भोंवळ आलेल्या मुलास त्या दिवशीं पुन्हां खेळावयास सोडूं नये, यावर आतां वैद्यांत दुमत नाहीं.

नियमानेंहि नवा धोका उत्पन्न होऊं शकतो, हें येथें नमूद केलें पाहिजे. कुस्तींतील वजनगट विषम जोड टाळण्यासाठीं झाले. पण १९९७ सालीं अमेरिकेंत महाविद्यालयीन कुस्तीचे तीन तरुण, गटांत बसण्यासाठीं अंगांतील पाणी घालवून झटपट वजन उतरवितांना दगावले, आणि नियम पुन्हां बदलावे लागले. निवारण एकदां करून संपत नाहीं. त्यावर पाळत ठेवावी लागते, म्हणूनच त्या चार पायऱ्यांतील शेवटची पायरी पुन्हां मोजण्याची आहे.

महाराष्ट्राच्या अंगणांत हा वाद दहीहंडीच्या निमित्तानें न्यायालयापर्यंत गेला. २०१४ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें १८ वर्षांखालील मुलांस थरांत घेण्यास मनाई केली व उंचीस २० फुटांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण जाऊन परत आलें, आणि २०१७ सालीं, अशी मर्यादा ठरविणें हें विधिमंडळाचें काम आहे असें म्हणून, उच्च न्यायालयानें उंचीचें बंधन उठविलें. १४ वर्षांखालील मुलांस घेणार नाहीं, हें शासनाचें म्हणणें मात्र नोंदवून घेतलें. २०२२ सालीं राज्यशासनानें या उत्सवास साहसी खेळाचा दर्जा दिला. उत्सवाच्या आनंदाविषयीं वाद नाहीं. परंतु पदार्थविज्ञान उत्सव पाहत नाहीं : उंची दुप्पट झाली कीं आदळण्याचा जोर वाढवणारी शक्तिहि दुप्पट होते. कोणता गोविंदा पडेल हें कोणास सांगतां येणार नाहीं. वरच्या थरावरील मूल पडलें तर काय होईल, हें सर्वांस सांगतां येतें. आखाड्यांतल्या वस्तादानें खालीं मऊ माती पाहिल्यावांचून पोरास वर चढविलें नसतें.

वाशीम १९९८ सालीं अकोल्यापासून निराळा जिल्हा झाला, आणि २०१८ सालीं केंद्रशासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादींत महाराष्ट्रांतील ज्या चार जिल्ह्यांचीं नांवें आलीं, त्यांत त्याचें नांव होतें. अशा जिल्ह्यास क्रीडावैद्यकाच्या महागड्या प्रयोगशाळा परवडण्यासारख्या नाहींत. वरील सर्व इतिहासाचा निष्कर्ष हाच, कीं त्या नाहींत म्हणून हात बांधून बसण्याचें कारण नाहीं. येथील दगड कोठें आहेत हें दिसतेंच आहे. वऱ्हाडची जमीन काळी. पावसाळ्यांत ती पायास चिकटते व घसरते, उन्हाळ्यांत दगडासारखी कठीण होऊन भेगाळते, आणि त्या भेगेंत धांवत्या मुलाचा घोटा मुरगळतो. मैदानाच्या भेगा मुरूम व बारीक माती घालून बुजविणें, लांब उडीच्या खड्ड्यांतील वाळू प्रत्येक तासापूर्वीं उकरणें, वैशाखांत सराव पहांटे घेऊन पाण्याची घागर मैदानावर ठेवणें, मोठ्या मुलांच्या संघाशीं लहानग्यांची जोड न लावणें, आणि खेळापूर्वीं वीस मिनिटें अंग तयार करून घेणें, यांत फावडें, घागर व थोडी शिस्त यांहून अधिक कांहीं लागत नाहीं.

आणखी एक वस्तु लागते, ती म्हणजे वही. शाळांत जिंकलेल्या ढालींची नोंद असते, धांवण्याच्या वेळांची असते. कोणत्या मुलास, कोणत्या खेळांत, मैदानाच्या कोणत्या भागीं, कशानें लागलें, याची सहसा नसते. दोन वर्षें अशी वही इमानानें लिहिली, तर एकाच कोपऱ्यांत, एकाच महिन्यांत, एकाच प्रकारें घोटे मुरगळतात असें कोणाच्याहि लक्षांत येईल, आणि त्या कोपऱ्यांत मुरूम टाकतां येईल. जुन्या वस्तादांजवळ डोळा होता पण वही नव्हती. आजच्या शाळेंत वही सहज मिळते. तींत नोंद करणारा हात मिळाला, तर पुढच्याची ठेंच मागच्याच्या खरोखर कामीं येईल.